चारही नोझलची मापं

४ फेब्रुवारी

चिरंजीव लॅपटॉपराव यांस,

ताईचे आशीर्वाद. हवे तेवढे घे. ते फुकट असतात आणि त्यांना वायर जोडावी लागत नाही.

इकडे सर्व ठीक. म्हणजे ठीक काहीच नाही, पण पत्र असंच सुरू करायचं असतं. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि मेसेजवर मला भांडता येत नाही. एक वाक्य टाईप होईपर्यंत निम्मा राग ओसरतो. म्हणून कागद घेतला. तुझ्या शहरात सुट्या भागांचं खोकं जातंच, त्यात टाकून देते.

पहिली बातमी तुझ्या भाऊजींची. खांद्याचं हाड जुळतंय. हात गळ्यात, बाकी माणूस गादीत. डॉक्टरांनी दीड महिना गाडीला हात लावायचा नाही असं बजावलंय, आणि हात लावण्याजोगं त्या गाडीत काही उरलेलंही नाही. आपली मधली नवऱ्याला दिवसभर चमच्यानं भरवते आणि भरवता भरवता तुला शिव्या देते. एक घास, एक शिवी. तिनं तुला दवाखान्याच्या दारातून हाकललं तेव्हा मी तिथेच बाकड्यावर होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी बॅगेत काहीतरी शोधत होते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगणार. ऐकून घे. लाद्यांनी भरलेली पिकअप, फरशीच्या डेपोचा चढ. चढाच्या मध्यावर इंजिननं आधी पांढरा धूर सोडला, मग आवाज, मग काहीच नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकचं पॅडल दगड होतं, हे तुला शिकवायला नको. गाडी मागे घरंगळली ती सरळ डेपोच्या भिंतीवर. लाद्यांचा चुरा आणि तुझ्या भाऊजींचा खांदा, दोन्ही एकाच वेळी.

इंजिन मी खोललं. एकटीनं, दार लावून. तिसऱ्या पिस्टनला भोक. नाणं आरपार जाईल एवढं. कडा मेणासारख्या ओघळलेल्या. पंचवीस वर्षं ह्या धंद्यात आहे, असलं भोक दोनदाच पाहिलंय.

आता तुझ्या त्या चमत्काराविषयी. बॅटरी उचलली आणि खाली काय, तर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली डब्बी! काडेपेटीएवढी. हिच्यासाठी तुझे भाऊजी एका दिवसाची खेप बुडवून तुझ्याकडे येऊन गेले, आणि परत आल्यावर मला म्हणाले, मित्राच्या घरी गेलो होतो. मी डब्बी उघडली. आत दोन चिल्लर तुकडे, एक निळा दिवा, उरलेली हवा. ह्याला तुम्ही चिप म्हणता! असल्या डब्ब्यांत काही म्हणजे काही नसतं, हे मी सहा वर्षं घसा फोडून सांगतेय. निळा दिवा दिसला की माणसाचा पाय आपोआप जोरात पडतो, आणि त्याला वाटतं गाडी पळायला लागली. धंदा दिव्याचा आहे. आणि तुझी गिऱ्हाइकं! मागच्या काचेवर ज्वाळांचे स्टिकर, आरशाला लटकवलेली कवटी, आणि गाडीत काय भरलेलं, तर कोबी. कोबीला कसली एवढी घाई असते?

बाबांनी तुला पंपखोलीत बसवला होता, गाड्यांचे डिझेल पंप आणि नोझल तपासायला. स्टुलावर. चपला बाहेर, हात धुतलेले, समोर तपासणीचा बेंच, त्याला काचेच्या नळ्या. कुठला नोझल किती डिझेल फवारतो ते डोळ्यांनी बघायचं, आकडा वहीत उतरवायचा. तू दोन वर्षांत कंटाळलास. म्हणालास, ताई, हे सगळं आता पडद्यावर दिसतं. जा मग पडद्यात.

अपघातानंतर पाठवलेल्या चिठ्ठीत तू एकच प्रश्न विचारलायस: चारही नोझल बेंचवर लावलेस का, मापं काय आली? वा! घर जळून गेलंय आणि साहेब विचारतायत, पडदे कुठल्या रंगाचे होते. नोझल मी पाहिलेत. ठीक आहेत. पुन्हा विचारू नकोस.

फरशीवाल्याला, म्हणजे डेपोच्या मालकाला, लेखी हवं होतं. गाडी कशामुळे गेली ते कळल्याशिवाय तुझ्या भाऊजींना पुढे माल देणार नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, भिंत त्याची पडलीय. मी लिहून दिलं: बाहेरून बसवलेल्या चिपमुळे इंजिनमध्ये प्रमाणाबाहेर डिझेल गेलं, पिस्टन वितळला. दुकानाचा शिक्का मारला. त्यानं तो कागद डेपोच्या बोर्डावर लावलाय, सगळ्या पिकअपवाल्यांना दिसेल असा. तुला कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

तब्येत सांभाळ. जेवत जा. पडद्यासमोर बसून जेवू नकोस.

तुझी,
दिव्याशिवाय चालणारी ताई


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. अकरा पानं! तुझ्या भाऊजींनीसुद्धा लग्नाआधी मधलीला एवढं लिहिलं नसेल. आणि लिहिलंय काय, तर आलेख. लाल रेघ, हिरवी रेघ. मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. रेघा सुरेख आहेत. भिंतीवर लावण्यासारख्या.

शेवटच्या पानावर तू हातानं एक ओळ लिहिलीस. "ताई, त्यात काहीच नसतं, तर इंजिन कसं गेलं?"

फार हुशार झालास. मोठ्या बहिणीला कोंडीत पकडलं, आता झोप लागेल ना? ऐक मग. काही नसतं म्हणजे कामाचं काही नसतं. नासवायला पुरेसं असतं. झालं समाधान?

तू म्हणतोस, तुझी डब्बी जास्तीत जास्त शंभराला बारा एवढंच जादा डिझेल मागते, त्यापलीकडे जाऊच शकत नाही, आणि ह्या इंजिनला बारा सहज पचतं. असल्या बावीस गाड्या वर्षभर फिरतायत, एकाचाही पिस्टन गेला नाही. म्हणून ह्या गाडीत आणखी कुठून तरी डिझेल आलं असणार. "कुठून तरी." असं लिहितोस आणि वर मला विचारतोस की नऊ जानेवारीच्या सर्व्हिसला नोझल उतरवले होते का.

उतरवले होते. साफ केले. परत लावले. नोझल साफ करणं हा आता गुन्हा आहे का? माझ्या दुकानात गाडी आली, मी काम केलं. तू काय पोलीस आहेस?

मुळात हे सगळं सुरू कुठून झालं, ते आठव जरा. डिसेंबरात तुझे भाऊजी माझ्याकडे आले, तोंड एवढंसं करून. म्हणाले, ताई, गाडी चढावर ओढत नाही, दुसऱ्या गिअरमध्ये रडते. मी गाडी चालवून बघितली. गाडीत काही दोष नव्हता. मी म्हटलं, लाद्या कमी भरा, आणि पोट थोडं कमी करा, दोन्ही वजनं तीच गाडी ओढते. दुकानातले दोघेतिघे हसले. मीही हसले. तो हसला नाही.

नंतर मधलीकडे जेवायला जमलो तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, भाऊजी, ताईच्या जमान्यात गाडी ओढत नसली की माल उतरवायचे; आपल्या जमान्यात इंजिनला समजावून सांगतात. मधली हसली, तिची पोरं हसली, तुझे भाऊजी तर ताटावर हात आपटून हसले. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला काही वाईट वाटलं नाही. मुळीच नाही. लहान आहेस, बोलतोस. मी विसरले पण.

बाकी इकडे ऊन वाढलंय. मला जेवण जात नाही, ते उन्हामुळेच असणार. डेपोचा बोर्ड वाचून तिघांनी तुझ्या डब्ब्या काढून टाकल्या म्हणे. एकानं माझ्या दुकानात येऊन काढून घेतली, आणि वर मला म्हणाला, ताई, तुम्ही होता म्हणून वाचलो. मी म्हटलं, हं. त्यानं विचारलं, तुमचा सख्खा भाऊ ना तो? मी म्हटलं, पाना दे.

नोझल नोझल करणं आता बंद कर. बोर्डावर कागद लागलाय, त्यावर शिक्का आहे, मधलीचाही त्यावर विश्वास बसलाय. ती म्हणते, निदान ताईनं खरं काय ते लिहून तरी दिलं. उगाच राख उकरून कुणाचं भलं होणार आहे?

ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी चार ओळींची चिठ्ठी परवा मिळाली. पंपखोलीत स्टुलावर बसून वाचली.

"ताई, तुझंच बरोबर असणार. तू पंचवीस वर्षं इंजिनं खोलतेस, मी सहा वर्षं पडदा बघतो. माझ्याच गणितात कुठेतरी चूक असेल, मला सापडत नाही एवढंच. दुकानाचं शटर महिनाअखेरीला मालकाला देतोय, गोदामात माल मोजायचं काम मिळालंय. भाऊजींना सांग, पुन्हा कुठल्या इंजिनला हात लावणार नाही."

मूर्खा! गाढवा! अकरा पानं आकडे काढलेस, रेघा ओढल्यास, बावीस गाड्यांचा हिशोब मांडलास, आणि शेवटी काय केलंस, तर ताई म्हणते म्हणून सगळं खोडलंस? बाबांनी तुला हे शिकवलं का? बेंच एक सांगतोय आणि माणूस दुसरं सांगतोय, तर वहीत कुणाचं लिहायचं? बेंचचं! मग माणूस कुणी का असेना. एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत तुझ्या डोक्यात शिरली नाही, तर तुझ्यापेक्षा तो स्टूल शहाणा.

तुझ्यावर ओरडणं सोपं जातं मला. बघ, पानभर ओरडले, आणि सांगायचं ते अजून सांगितलंच नाही.

मापं लिहून घे. कंपनीचं माप छप्पन्न. पहिला नोझल एकसष्ट. दुसरा साठ. तिसरा चौसष्ट. चौथा एकसष्ट. भोक पडलं तिसऱ्यात.

तुला हवं होतं ते हे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेंचवर लावून घेतलेली मापं आहेत. घेतली, वहीत लिहिली नाहीत, आणि लगेच चारही नोझल खोलून छप्पन्नावर आणून ठेवले. दार त्यासाठीच लावलं होतं. म्हणून तुला "ठीक आहेत" असं लिहू शकले. लिहिलं त्या दिवशी ते ठीकच होते!

ते वाढवले मी. नऊ जानेवारीला, सर्व्हिसला. बाबा चढावरच्या गाड्यांना नोझलमध्ये पातळ चकती बदलून दोन थेंब जास्तीचे द्यायचे, आठवतं? मी ते बंद केलं. आल्यागेल्याला व्याख्यान देते की कंपनीनं दिलंय तेवढंच द्यायचं, वर एक थेंब नाही. आणि दिलं. शिकवणारीनंच. का दिलं, तर तू जेवताना बोललास म्हणून. मला वाईट वाटलं नव्हतं असं मागच्या पत्रात लिहिलंय ना? वाटलं होतं. इतकं वाटलं होतं की घरी येईपर्यंत गाडीत एकटीच तुझ्याशी भांडत होते. मला दाखवायचं होतं, जुन्या जमान्यातली बाई हातानं काय करू शकते ते. महिनाभर गाडी चढावर भुर्रकन जाईल, तुझे भाऊजी सगळ्यांसमोर माझं नाव घेतील, आणि तू तोंड बघत बसशील.

इथवर कुणीही मला माफ करेल. दोघांनी दोन बाजूंनी जास्तीचं डिझेल दिलं, एकमेकांना पत्ता नाही, नशीब खोटं. मधलीला मी सुरुवातीला एवढंच सांगणार होते. वाक्य पाठ करून निघालेसुद्धा होते, आणि कोपऱ्यावरून परत आले. ते अर्धंच होतं.

नोझल उतरवायला त्या गाडीची बॅटरी आधी काढावी लागते. हे तुला माहीत आहे, तरी तू मला विचारलं नाहीस. का विचारलं नाहीस? ताई असं करणार नाही म्हणून?

डब्बी मी नऊ जानेवारीलाच पाहिली. अपघातानंतर नाही. टेप सोडवला, निळा दिवा बघितला, कुणाचं काम ते क्षणात कळलं. वायर इतकी नीट बांधली होतीस की मला आधी तुझा अभिमान वाटला, आणि मग त्याचाच राग आला. ओढून काढली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. किंवा नोझल जसेच्या तसे परत लावले असते. मी दोन्ही केलं नाही. टेप पुन्हा गुंडाळला, डब्बी होती तिथे ठेवली, आणि तिच्यावर माझे जादा थेंब चढवले.

मुद्दाम गाडी फोडायला नाही रे. तेवढी वाईट नाही मी. माझी खात्री होती की त्या डब्बीत काही नसतं. खरोखर खात्री होती! सहा वर्षं तेच बोलत आले, बोलता बोलता मलाच ते पटून गेलं. जी वस्तू काही करतच नाही, तिचा माझ्या कामाशी काय संबंध? उलट ती जागच्या जागी राहायला हवी होती. पुढच्या जेवणाला सगळे जमले की तुम्हा सर्वांना अंगणात न्यायचं, बॅटरी उचलून दिवा दाखवायचा, आणि म्हणायचं, बघा, हा धाकट्याचा दिवा. गाडी पळतेय ती माझ्या नोझलवर. वाक्यसुद्धा तयार होतं. आरशासमोर म्हणून बघितलं होतं एकदा. पन्नाशी उलटलेली बाई, ओठावर मिशी फुटलीय, आणि आरशासमोर भावाची फजिती घोकतेय. थू!

सर्व्हिसनंतर आठवड्यानं तुझे भाऊजी दुकानात आले. म्हणाले, ताई, गाडी काय पळतेय हो! आणि गालातल्या गालात हसले. मीही हसले. त्याला वाटलं, हिला डब्बी माहीत नाही. मला वाटलं, ह्याला नोझल माहीत नाहीत. दोन शहाणे समोरासमोर उभे राहून हसत होते, आणि बाहेर उन्हात ती गाडी उभी होती.

तर धाकट्या, आता हेही लिहिते: तुझी डब्बी काम करते. ती जेवढं मागते म्हणून तू लिहिलंस, तेवढंच मागते. परवा मी ती बेंचवर जोडून बघितली. लाज वाटते सांगायला, पण जोडायची कशी हे तुझ्याच अकरा पानांत बघून शिकले. अकरा ते बारा. तासभर चालवली, काटा तेराकडे गेला नाही. तुझं गणित बरोबर होतं. चूक तुला सापडत नव्हती, कारण ती तुझ्याकडे नव्हतीच.

तुझी एक चूक मात्र सांगणार, नाहीतर मला चैन पडायचं नाही. डब्बी लपवायला नको होती. मला एक शब्द सांगितला असतास तर हे झालं नसतं. पण हे लिहिलं आणि लगेच कळलं की तू सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं. पंपखोलीच्या दारात उभी राहून चार गिऱ्हाइकांना गोळा केलं असतं आणि तुझा आणि त्याचा तमाशा केला असता. माझ्या जिभेला घाबरून दोन बाप्ये काळ्या टेपमध्ये गुंडाळून वस्तू लपवतात. माझ्या जिभेचा धाक एवढा, आणि तो धाक मी इतकी वर्षं मान समजून मिरवला.

काल दुपारी मधलीकडे गेले. तुझे भाऊजी एका हातानं संत्रं सोलायच्या खटपटीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, डब्बी पाहिल्याच्या तारखेसकट. त्यानं संत्रं खाली ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी तिकडे ताईला फसवत होतो आणि ताई इकडे मला?" आणि हसायला गेला, तर खांद्यातून कळ आली. त्याला हसू येत होतं ते मला सहन झालं नाही. भला माणूस आहे. मी त्याला आजवर कधी भलं म्हटलं नाही, फक्त जाडा म्हटलं.

मधली हसली नाही. चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. म्हणाली, "त्याला मी दवाखान्याच्या दारातून हाकललं. पोरांच्या देखत. तो खाली मान घालून गेला, आणि तू बाकड्यावर बसून होतीस. आता तुला कुठून हाकलू ते तूच सांग."

मग तीच म्हणाली, "आधी त्याला लिही. सगळं. आणि तो काय म्हणतो ते घेऊन ये. तोवर ह्या घरात येऊ नकोस." तिनं दार आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिथून डेपोत गेले. फरशीवाल्यानं नवा कागद दोनदा वाचला. म्हणाला, "ताई, हा बोर्डावर लावला तर तुमच्याकडे नोझल द्यायला कोण येईल? विचार करा." मी म्हटलं, तुम्ही पिना द्या. जुना कागद मी माझ्या हातानं काढला, नवा लावला. त्यात लिहिलंय की नोझल मी वाढवले, चिप बसवलेली आहे हे पाहूनही वाढवले, आणि चिपवाल्याचा ह्यात दोष नाही. आज सकाळी दोन गाड्यावाले आपले पंप न उघडताच परत घेऊन गेले. नेऊ देत. त्यांच्या जागी मी असते तर मीही नेले असते, आणि जाताना चार शब्द सुनावले असते.

तुझ्या शटरच्या मालकाला सकाळी फोन केला. नंबर तुझ्या जुन्या पावतीवर होता. किल्ली अजून तुझ्याकडेच आहे म्हणाला. मी त्याला म्हटलं, मागून घेऊ नका एवढ्यात. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? काय सांगणार?

पिकअपला दुसरं इंजिन सोमवारी बसेल. नोझल मी छप्पन्नावर लावणार आहे आणि तो आकडा तू तुझ्या डोळ्यांनी बघायचा आहेस. त्यानंतर तुझी डब्बी बसवायची की नाही, आणि किती द्यायचं, ते तू ठरव आणि तुझ्या भाऊजींशी बोलून ठरव. मी दाराबाहेर थांबेन. बोलावलंस तर आत येईन.

रागावून आलास तरी चालेल. माझ्या तोंडावर जे म्हणायचं ते म्हण, मधलीच्या पोरांसमोर म्हण. नाहीच आलास, तर तेही मी मधलीला जसंच्या तसं जाऊन सांगेन. पण गोदामात माल मोजायला जायचं असेल तर तुला आवडतं म्हणून जा. इंजिनला हात लावणार नाही असं जे लिहिलंस, ते माझ्या खोट्या कागदावर विश्वास ठेवून लिहिलंस. तेवढं एक वाक्य मागे घे. माझ्यासाठी नको. ते खोटं आहे म्हणून घे.

हे पत्र तुझ्या गिऱ्हाइकांना दाखव, वाटलं तर भिंतीवर लाव.

तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, आणि ह्या कामात तुझ्याएवढी शहाणी नसलेली,

तुझी ताई